खजूरी बाजारातली गणितपेटी: काय घ्यावं, काय सोडावं

इंदूरच्या राजवाड्याजवळच्या खजूरी बाजारात जून-जुलैमध्ये वह्या-पुस्तकांची झुंबड उडते. तिथंच शालेय साहित्याच्या दुकानांत ‘मॅथ्स किट’ नावाची एक पेटी दिसते. नावं निरनिराळी असतात, पण आतला माल जवळजवळ सारखाच: दशमान ठोकळ्यांचा १२१ नगांचा संच, शंभर मण्यांची माळ, तीन तारांचं उभं ॲबॅकस, अपूर्णांकांच्या गोल चकत्या, काटे फिरवता येणारं पुठ्ठ्याचं किंवा प्लॅस्टिकचं घड्याळ आणि एक पातळ इंग्रजी पुस्तिका. पहिली ते चौथीच्या मुलांचे आई-वडील ही पेटी घेतात, छोट्या शाळा चार-पाच पेट्या घेऊन कपाटात ठेवतात. या परीक्षणात कुठल्याही एका कंपनीचा निकाल नाही. या प्रकारच्या पेटीतली कोणती वस्तू कामाची, कोणती अडचणीची आणि इंदूरच्या मराठी घरातल्या मुलासाठी तिच्यात काय भर घालावी लागते, एवढंच इथं पाहू.

निष्कर्ष आधीच सांगतो. ठोकळे आणि माळ यांच्यासाठी पेटी घेण्यासारखी आहे. ॲबॅकस दुसरीच्या शेवटापर्यंत बाहेर काढू नये. चकत्या ठेवून द्याव्यात आणि त्यांच्या जागी कागदाच्या पट्ट्या कापाव्यात. पुस्तिकेचा उपयोग जवळपास नाही, कारण ती मूल संख्या इंग्रजीत मोजतं असं धरून चालते आणि मुलाचं खरं अडखळणं भलत्याच ठिकाणी असतं.

साहित्य वापरावं की नाही, हा वाद शाळांमध्ये जुना आहे. एक बाजू म्हणते, मुलं ठोकळ्यांवर अवलंबून राहतात, परीक्षेत ठोकळे नसतात, त्यापेक्षा उजळणी आणि सराव बरा. दुसरी बाजू पाठांतराला नाकं मुरडते. खेडोपाडी घरोघरी जाऊन होणाऱ्या ‘असर’ पाहणीच्या २०२४ च्या अहवालात तिसरीतल्या साधारण एक तृतीयांश मुलांनाच दोन अंकी, दशक मोडावा लागणारी वजाबाकी जमली. ही पाहणी ग्रामीण भागाची आहे, इंदूर शहराची नाही. तरी शहरातल्या तिसरीच्या वह्या उघडल्या की चूक तीच दिसते: ५२ वजा २८ बरोबर ३६. मूल आठातून दोन वजा करतं, कारण ‘मोठ्यातून लहान’ एवढाच नियम त्याच्या मनात पक्का बसलेला असतो. यात आळस नाही की बेफिकिरी नाही. ५२ मधला पाच म्हणजे पाच दशक, हे त्याला कुणी हाताला लागेल असं दाखवलेलं नसतं. पेटीची परीक्षा याच एका गणितावर करायला हवी.

ठोकळे

एककाचा ठोकळा एक सेंटिमीटर बाजूचा, दशकाची कांडी दहा सेंटिमीटरची, शतकाची पाटी दहा बाय दहाची आणि हजाराचा घन दहा बाय दहा बाय दहाचा. या रचनेचं श्रेय झोल्टान डिएन्स या हंगेरियन गणित-शिक्षणतज्ज्ञाला दिलं जातं. हिचं बळ प्रमाणात आहे. दशक एककाच्या खरोखर दहापट लांब आहे, डोळ्यांना ते दिसतं, हाताला त्याचं वजन कळतं.

दुकानातच करायची तपासणी अशी. दहा सुटे ठोकळे एका रांगेत लावून शेजारी कांडी ठेवा. दोन्ही टोकं जुळली पाहिजेत. स्वस्त प्लॅस्टिकमध्ये साच्याच्या कडा राहतात, मग दहा ठोकळे कांडीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर लांब भरतात आणि मूल म्हणतं, ‘हे सारखे नाहीत.’ त्याचं बरोबर असतं. कांडीवर दहा खाचा स्पष्ट कोरलेल्या हव्यात, नुसत्या रंगवलेल्या नकोत. रंग महिन्याभरात जातो. दहा पाट्या एकावर एक ठेवल्या की घनाएवढी उंची यायला हवी.

आता या संचाचा मोठा दोष. १२१ नगांत १०० एकक, १० दशक, १० शतक आणि १ हजार असतो. आकडा भरगच्च वाटतो, पण वाटणी चुकलेली आहे. ६७ अधिक ५८ मांडून पाहा. सहा कांड्या, सात सुटे. पाच कांड्या, आठ सुटे. कांड्याच अकरा लागतात, पेटीत दहा आहेत. पंधरा सुट्यांतले दहा देऊन आणखी एक कांडी घ्यायची, ती कुठून आणणार? म्हणजे ज्या बेरजेत ‘हातचा’ दोनदा येतो आणि जिच्यासाठी ठोकळे सगळ्यात जास्त लागतात, तीच मांडता येत नाही. दोन अंकी दोन संख्यांची मोठ्यात मोठी बेरीज ९९ अधिक ९९. तिला १८ सुटे, १८ कांड्या आणि अदलाबदलीची एक, अशा १९ कांड्या लागतात. एका मुलाला पुरेसा संच म्हणजे २० सुटे, २० कांड्या, दोन-तीन पाट्या. पेटीतले ऐंशी सुटे ठोकळे नुसते पडून राहतात.

यावर उपाय सोपा आहे. आधी एकदा शंभर सुटे ठोकळे शतकाच्या पाटीवर रचून घ्या. मुलानं शंभरही ठोकळे स्वतः मांडले पाहिजेत, तो अर्धा तास फुकट जात नाही. मग त्यांतले ऐंशी दहा-दहाच्या रांगेत लावून वर पारदर्शक चिकटपट्टी घट्ट गुंडाळा. आठ कांड्या तयार झाल्या, एकूण अठरा. उरलेल्या दोन जाड पुठ्ठ्याच्या कापा. वर्गासाठी तर सगळ्या कांड्या पुठ्ठ्याच्याच कराव्यात: सेंटिमीटरच्या चौकटी छापलेला ए-फोर आकाराचा जाड कागद घेतला की एकातून दहा सेंटिमीटरच्या पन्नासेक पट्ट्या निघतात.

ठोकळ्यांच्याही आधी एक पायरी आहे आणि पुस्तिका ती गाळते. दशकाची कांडी अखंड असते, ती मोडत नाही. ‘एक दशक दे, दहा एकक घे’ हा व्यवहार मुलाला निव्वळ विश्वासावर स्वीकारावा लागतो. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे आइस्क्रीमच्या शंभर काड्या आणि रबरबँड. दहा काड्या झाल्या की जुडी बांधायची, वजाबाकीत कमी पडल्या की जुडी सोडायची. ५२ म्हणजे पाच जुड्या आणि दोन काड्या. २८ काढायच्या आहेत, दोन काड्यांतून आठ निघत नाहीत. मूल आपणहून एका जुडीचं रबर काढतं. चार जुड्या, बारा काड्या. त्यातून दोन जुड्या, आठ काड्या काढल्या की दोन जुड्या आणि चार काड्या राहतात. चोवीस. हे पंधरा-वीस वेळा झालं की मग तेच ठोकळ्यांवर न्यायचं आणि त्यानंतर वहीत.

शब्दांबद्दलही थोडं. ‘उसना घेणे’ हा आपला जुना शब्द मुलांना चकवतो. उसनं घेतलेलं परत द्यायचं असतं, इथं परत काहीच देत नाहीत. ‘सुटे करणे’ म्हणावं. दहाची नोट सुटी करतात हे मुलाला किराणा दुकानात रोज दिसतं. तसंच ‘हातचा एक’ म्हणताना तो एक दशक आहे हे सुरुवातीचे काही महिने मोठ्यानं म्हणावं, ‘हातचा एक दशक’. वहीतल्या बारीक १ ची किंमत मुलाला तेव्हा कळते.

माळ

पेटीतली ही सगळ्यात चांगली वस्तू, आणि दुकानात सगळ्यात कमी पाहिली जाणारी. शंभर मणी, दहा एका रंगाचे, पुढचे दहा दुसऱ्या रंगाचे, असं आलटून पालटून. घेताना दहा-दहाचे गट मोजाच. ओवणाऱ्याचा हात घाईत चुकतो, एखाद्या गटात नऊ किंवा अकरा मणी निघतात आणि मग आख्खी माळ निकामी होते. दोरा मण्यांच्या एकूण लांबीपेक्षा दहा-पंधरा सेंटिमीटर जास्त असावा, म्हणजे दोन मण्यांत चिमटा अडकवायला जागा होते. बारा मिलिमीटरचे मणी असले तर माळ सव्वा मीटरच्या आसपास भरते आणि भिंतीवर मुलाच्या छातीच्या उंचीला ताणून बांधता येते. आठ मिलिमीटरचे मणी घेऊ नयेत, सहा वर्षांच्या बोटांना ते एकेक सरकवता येत नाहीत.

चिमटा कुठं लावायचा, यावर पहिल्याच दिवशी सगळं बिघडतं. ३७ दाखवताना सदतिसाव्या मण्यावर चिमटा लावायचा नाही, त्याच्या नंतरच्या फटीत लावायचा. चिमट्याच्या डावीकडचे सगळे मणी मिळून सदतीस. मण्यावर चिमटा लावला की ‘सदतीस’ हे त्या एका मण्याचं नाव होतं, तो मणी मोजायचा की नाही याचा गोंधळ होतो आणि वजाबाकीत उत्तर दर वेळी एकानं चुकतं. अठ्ठावीसपासून बावन्नपर्यंत किती? २८ च्या फटीपासून दोन मण्यांनी ३०, तिथून दोन रंगपट्ट्यांनी ५०, तिथून दोन मणी. दोन, वीस, दोन. चोवीस. ठोकळ्यांवर काढून टाकण्याची वजाबाकी कळते, माळेवर अंतराची. दुकानदार सुटे पैसे परत देताना हीच दुसरी वजाबाकी करतो.

मराठी संख्यानावं आणि इंदूरचं मूल

पेटी करणाऱ्यांनी ज्याचा विचारच केलेला नाही तो भाग हा. इंदूरमधल्या मराठी घरातलं मूल शाळेत ‘थर्टी-नाइन’ शिकतं, गल्लीत आणि दुकानात ‘उनतालीस’ ऐकतं, घरी आजी ‘एकोणचाळीस’ म्हणते. एकाच संख्येला तीन नावं, आणि तिघांची बांधणी निराळी. इंग्रजी नाव आधी दशक सांगतं, मग एकक. हिंदी आणि मराठी नावं एकक आधी सांगतात. वर ‘एकोण’ म्हणजे एकानं ऊन, एकानं कमी. एकोणतीस ऐकून मूल ३९ किंवा ३१ लिहितं, कारण त्याच्या कानात ‘तीस’ स्पष्ट पडतं आणि बाकीचं अंधुक.

हिंदी-मराठी सारखीच, असं समजून चालणं ही आणखी एक चूक. एकोणऐंशी आणि उन्यासी दोन्ही पुढच्या दशकातून एक कमी करतात. पण ८९ ला मराठी ‘एकोणनव्वद’ म्हणते आणि हिंदी ‘नवासी’, म्हणजे मराठी नव्वदातून मागे येते तर हिंदी ऐंशीवर नऊ चढवते. ९९ ला दोन्ही भाषा पुन्हा सरळ: नव्व्याण्णव, निन्यानवे. हिंदीतलं ‘उनसठ’ मराठी कानाला साठाच्या पुढचं वाटतं, ते असतं ५९. ८९ आणि ५९ या दोन जागी मूल हमखास घसरतं, तेव्हा माळेवर ती दोन ठिकाणं मुद्दाम जास्त वेळा विचारावीत.

लिपीचाही घोळ आहेच. घरात मराठी अंकलिपी असते, शाळेत आंतरराष्ट्रीय अंक. आपला देवनागरी १ मुलाला शाळेतल्या नऊसारखा दिसतो, आपला ४ शाळेतल्या आठसारखा. शाळेचे अंक हातात पक्के बसेपर्यंत, साधारण पहिलीचं वर्षभर, घरी देवनागरी अंक वाचायला द्यावेत, लिहून घेऊ नयेत. दुसरीत लिहून घ्यायला हरकत नाही. ते सोडून द्यावेत असं मात्र अजिबात म्हणणं नाही.

२०१९ साली महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून मोठा वाद झाला होता. एकवीस ऐवजी ‘वीस एक’, त्रेसष्ट ऐवजी ‘साठ तीन’ असं संख्यावाचन पुस्तकात आलं आणि भाषा बुडाली असा ओरडा झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. त्यांचं म्हणणं असं होतं की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांनी मुलं गणितालाच बिचकतात, आणि कन्नड, तेलुगू, तमिळ या भाषांत आधी दशक आणि मग एकक असाच क्रम आहे. जुनी नावं त्यांनी रद्द केलेली नव्हती. त्या वेळी टिंगल खूप झाली, वर्गात मुलांचं काय होतं याची चर्चा फार कमी झाली.

या पेटीच्या संदर्भात आमचं मत स्पष्ट आहे. ‘साठ तीन’ हा पूल म्हणून वापरावा, त्रेसष्टची जागा त्याला देऊ नये. रीत अशी: मूल सहा कांड्या आणि तीन ठोकळे मांडतं. आधी म्हणतं ‘सहा दशक, तीन एकक’. मग ‘साठ आणि तीन’. मग ‘त्रेसष्ट’. शेवटी शाळेचं ‘सिक्स्टी-थ्री’. तिन्ही-चारही नावं त्याच ठोकळ्यांकडे बोट करून म्हणायची. रोज पाच संख्या पुरेत. ‘त्रेसष्ट’ हा शब्द गेला तर आजीशी भाजीच्या हिशेबाचं बोलणंही जातं, आणि इंदूरसारख्या शहरात मराठी टिकते ती अशाच बोलण्यांत. पण कांड्या न मांडता नुसतं त्रेसष्ट, चौसष्ट, पासष्ट घोकून घेतलं तर मूल पासष्ट ऐकून ५६ लिहिणारच.

जे पेटीत नाही आणि असायला हवं

एकावर एक बसणारी अंककार्डं. ‘तीनशे चार’ ऐकून ३००४ लिहिणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. ती जसं ऐकतात तसं लिहितात: तीनशे, मग चार. ठोकळ्यांनी ही चूक सुटत नाही, कारण ती लिहिण्याची आहे. १ ते ९ ची नऊ कार्डं तीन सेंटिमीटर रुंद, १० ते ९० ची नऊ सहा सेंटिमीटर, १०० ते ९०० ची नऊ सेंटिमीटर, १००० ते ९००० ची बारा सेंटिमीटर. एकूण ३६, उंची सगळ्यांची सारखी, पाच सेंटिमीटर ठीक. ३०० च्या कार्डावर उजवी कड जुळवून ४ चं कार्ड ठेवलं की शेवटचं शून्य झाकलं जातं आणि ३०४ दिसतं. कार्ड उचललं की शून्य पुन्हा दिसतं. मुलाला शून्याचं काम इथं कळतं. अंक लिहिताना प्रत्येकाला तीन सेंटिमीटरचा चौकोन आखून त्याच्या बरोबर मध्ये लिहा, नाहीतर कार्डं एकावर एक बसतात पण अंक एकमेकांवर येतात.

केंद्राच्या ‘निपुण भारत’ कार्यक्रमात (तो ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाला, मध्य प्रदेशात त्याचं काम ‘मिशन अंकुर’ म्हणून चालतं) पहिलीसाठी ९९ पर्यंत, दुसरीसाठी ९९९ पर्यंत आणि तिसरीसाठी ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचणं-लिहिणं हे लक्ष्य आहे. पेटीत हजाराचा घन एकच. म्हणजे तिसरीला नेहमीच्या मांडणीत ठोकळे १९९९ च्या पुढे जाऊ शकत नाहीत, तिथून पुढचा सगळा भार कार्डांवरच येतो.

ॲबॅकस आणि ॲबॅकसचे क्लास

दोन निराळ्या वस्तूंना एकच नाव पडलं आहे. पेटीतलं उभं ॲबॅकस म्हणजे तीन तारा आणि त्यांवर ओवायचे मणी. त्याची अडचण अशी की शतकाचा मणी आणि एककाचा मणी एकाच आकाराचे. किंमत फक्त जागेवरून ठरते. कागदावरच्या अंकाइतकंच ते अमूर्त आहे. ज्या मुलाला ४७ मधला चार कळत नाही, त्याला दुसऱ्या तारेवरचे चार मणीही कळत नाहीत. त्याला फक्त ‘मधल्या तारेवर चार’ हे पाठ होतं. जुड्या, ठोकळे, कार्डं झाल्यावर दुसरीच्या शेवटी ते आणावं. आणखी एक: बऱ्याच पेट्यांत तारेची उंची नऊ मण्यांपुरतीच असते. आठ अधिक सात करताना पंधरा मणी एका तारेवर आधी मावले तर पाहिजेत, तेव्हा त्यांतले दहा काढून शेजारी एक टाकता येईल. घेणारच असाल तर अठरा मणी मावतील अशी तार बघा.

क्लासमध्ये शिकवतात ते जपानी सोरोबान: आडव्या पट्टीच्या वर पाचाचा एक मणी, खाली एकेकाचे चार. चार मिळवायचे आणि खाली मणी उरले नाहीत तर पाच टाकून एक काढायचा. सात मिळवायचे तर दहा टाकून तीन काढायचे. याचा सराव झाला की मुलं बेरीज-वजाबाकी चकित करणाऱ्या वेगानं करतात, मन एकाग्र ठेवायची सवय लागते, आणि ज्या मुलाला गणिताची भीती वाटते त्याला काहीतरी जमल्याचा आनंद मिळतो. तो आनंद खरा आहे, त्याला कमी लेखू नये. पण ‘एका डब्यात सहा लाडू, असे सात डबे, त्यातले पाच लाडू संपले’ यात आधी काय करायचं, हे सोरोबान शिकवत नाही. पहिलीच्या मुलाला शाळेची रीत पक्की व्हायच्या आत तिथं घातलं की दोन रीती एकमेकींत अडकतात. तिसरीनंतर, मुलाला हौस असेल तर जरूर पाठवा. पेटीला पर्याय म्हणून नको.

चकत्या आणि घड्याळ

चकत्यांवर १/२, १/३, १/४ असं छापलेलं असतं. तोच त्यांचा दोष. मूल तुकडा पाहत नाही, छापलेलं वाचतं. आणि ४ मोठा म्हणून १/४ हा १/३ पेक्षा मोठा, ही चूक तशीच राहते. चकत्या वापरायच्याच असतील तर उलट्या करून वापरा.

त्यापेक्षा रंगीत कागदाच्या २४ सेंटिमीटरच्या पट्ट्या कापा. चोवीसचे दोन, तीन, चार, सहा, आठ आणि बारा सारखे भाग पूर्ण सेंटिमीटरमध्ये होतात: १२, ८, ६, ४, ३, २. एक अखंड, एक दोन भागांत, एक तीन भागांत असं करत सात पट्ट्या, प्रत्येकीचा रंग वेगळा. अर्धा अधिक एक तृतीयांश म्हणजे २/५ लिहिणाऱ्या मुलाला १२ आणि ८ सेंटिमीटरचे तुकडे टोकाला टोक लावून ठेवायला सांगा. वीस सेंटिमीटर झाले. आता चार सेंटिमीटरचे तुकडे खाली लावत जा: पाच बसतात, आणि ते षष्ठांश आहेत. ५/६. छेद सारखा करायचा म्हणजे काय, हे त्याला शब्दांत सांगावं लागत नाही.

इथं मराठीजवळ मोठं भांडवल आहे आणि शाळा ते वापरत नाहीत. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द घरात रोज कानावर पडतात. पाव किलो शेव, दीड लिटर दूध, अडीचशे ग्रॅम पनीर. जुन्या उजळणीत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी पाठ करून घेत. औटकी म्हणजे साडेतीनपट. ती सगळी पुन्हा घोकायला लावण्याची गरज नाही. पण २४ ची पट्टी समोर ठेवून ‘पाव दाखव, पाऊण दाखव, सव्वा करायला आणखी काय लागेल’ एवढं विचारलं तरी तिसरीतलं मूल १/४ ला घाबरायचं थांबतं. ‘वन बाय फोर’ या तीन शब्दांत त्याला काहीच दिसत नाही, ‘पाव’मध्ये शेवेची पुडी दिसते.

घड्याळाचं एका वाक्यात: मिनिटकाटा फिरवला की तासकाटाही सरकतो असं असेल तरच घ्या. सुटे काटे असले की मूल साडेतीनला तासकाटा बरोबर तीनवर ठेवतं, तो तीन आणि चारच्या मध्ये हवा, आणि मग पावणेचार त्याला कधीच नीट वाचता येत नाहीत.

वर्गात वापरायची तर

शिक्षणहक्क कायद्यानं प्राथमिक वर्गासाठी तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरवलं आहे. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासात एक पेटी उघडून बाईंनी टेबलावर दाखवायची आणि मुलांनी पाहायची, असं होत असेल तर पेटी घेण्यात अर्थ नाही. पाहून दशक समजत नाही, स्वतः जुडी सोडावी लागते. दोन मुलांत एक कापडी पिशवी: २० सुटे, २० पुठ्ठ्याच्या कांड्या, २ पाट्या. तिसांच्या वर्गाला पंधरा पिशव्या. सुटे ठोकळे कमी पडले तर चिंचोके चालतात, पण मग कांडीऐवजी दहा चिंचोक्यांची पुडी करावी, कारण चिंचोका आणि दहा सेंटिमीटरची कांडी यांचं प्रमाण जुळत नाही. वाटणं आणि गोळा करणं यातच तासाचा चौथा भाग जातो, ही शिक्षकांची तक्रार रास्त आहे. पिशवीवर नंबर आणि जोडीची नावं लिहून ती बाकाखालीच ठेवली तर बराच वेळ वाचतो. आठवड्यातून एकदा मुलांनीच नग मोजून भरायचे. तीही मोजणीच झाली.

‘मुलं ठोकळ्यांवरच अवलंबून राहतील’ या भीतीचं उत्तर ठोकळे कधी काढून घ्यायचे यात आहे. मूल कांडीकडे हात नेण्याआधी उत्तर सांगायला लागलं की त्या प्रकारच्या गणिताला ठोकळे बंद. त्यानंतर काही दिवस चित्र: दशकाला उभी रेघ, एककाला टिंब, वहीच्या समासात. मग चित्रही बंद. जी मुलं रेघा-टिंबांवर महिनोन् महिने थांबतात त्यांना परत जुड्यांवर न्या, नुसता सराव वाढवू नका. आणि पाढे? ते पाठ असायलाच हवेत, तिसरीच्या अखेरीस निदान दहापर्यंत. फक्त ‘सात आठे छप्पन्न’ म्हणायच्या आधी आठ-आठच्या सात रांगा ठोकळ्यांनी मांडलेल्या असाव्यात, म्हणजे पाढा मध्येच विसरला तरी ‘पाच आठे चाळीस, वर दोन आठे सोळा’ असं मूल स्वतः पोहोचतं. त्या रांगांना छप्पन्न सुटे ठोकळे लागतात, तेव्हा चिकटपट्टीनं बांधलेल्या चार कांड्या तेवढ्यापुरत्या सोडाव्या लागतील.